मध्यरात्रीचं व्याख्यान ‘विश्वाला कर्ता लागतो का?’ : आकाशदर्शनाच्या एका कार्यक्रमाबद्दल अभिप्राय

कर्जत लाइनवर वांगणी-नेरळच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम होतात. बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून ग्रह-तारे दाखवतात आणि सकाळी पोहे खाऊ घालून निरोप देतात. आम्ही गेलो त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत एक ओळ जास्तीची होती : मध्यरात्री व्याख्यान, ‘विश्वाला कर्ता लागतो का?’ त्या ओळीसाठीच मी पैसे भरले. माणशी नऊशे रुपये, त्यात रात्रीचं जेवण, चहा, नाश्ता. व्याख्यानाचे पैसे पुरेपूर वसूल झाले, दुर्बिणीचेही झाले. जाहिरातीतलं एक वाक्य आणि शेवटचं समारोपाचं भाषण या दोन गोष्टींबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ती आयोजकांना पत्राने कळवली आहे, त्यामुळे संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. कोणी अशा कार्यक्रमाला जाणार असेल तर काय मागून घ्यावं हे कळावं, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी कल्याणच्या कोर्टात दिवाणी वकिली केली. जमिनीचे आणि वारसाहक्काचे दावे चालवण्यात आयुष्य गेलं. सोबत माझा थोरला भाऊ होता. दादा संस्कृतचा शिक्षक, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. जगाला कर्ता आहे की नाही यावर आमच्या घरात लहानपणापासून वाद आहे. वडील गेले त्या वर्षी तो फार टोकाला गेला होता, कारण त्या वर्षी तो प्रश्न आम्हा दोघांनाही पोटातून पडला होता. तेव्हा आम्ही दोघंही तिथे करमणुकीसाठी गेलो नव्हतो.

सोयींबद्दल थोडक्यात. वांगणीला उतरलं की शेतापर्यंत रिक्षा मिळते. जेवण पिठलं-भाकरी, ठेचा, आमटी-भात, सगळं गरम आणि पोटभर. मोकळ्या शेतात सतरंज्या घालतात. पहाटे दव पडतं, पांघरूण जाडच न्यावं. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच होतं आणि ते कमी पडलं. डास नव्हते.

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण चांगल्या स्थितीत होती आणि ती हाताळणारी मुलं मनापासून शिकवणारी होती. अंधार पडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, दाखवली. ती वायव्येला उतरत होती आणि त्या बाजूला बदलापूरचा उजेड आहे, म्हणून आधी तिचा नंबर. दिसतो तो नुसता पुसट पांढुरका डाग, पण त्या डागाचा प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली. मग मृगातला तेजोमेघ. दुर्बीण धरणाऱ्या मुलाने सांगितलं, हा वायूचा आणि धुळीचा ढग सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात आत्ता तारे जन्माला येत आहेत. ढग स्वतःच्या वजनाने आत कोसळतो, तापतो, पेटतो. दादा त्या दुर्बिणीला बराच वेळ डोळा लावून उभा होता. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली तरी त्या मुलाने त्याला ‘काका, आवरा’ म्हटलं नाही. आधी प्रत्येकाला तेजोमेघ दाखवायचा आणि मध्यरात्री कर्त्याचा प्रश्न काढायचा, हा क्रम ज्याने कोणी लावला त्याने विचार केलेला आहे. तारा घडायला कुणाचा हात लागत नाही हे डोळ्यांनी पाहून झालेलं असतं. मग प्रश्न उरतो तो त्या ढगाचा, हायड्रोजनचा, वजनाच्या नियमाचा.

व्याख्यान देणारी मुलगी खगोलभौतिकीत पीएच.डी. करते आहे. तिने सुरुवातीला एक जुना पोर्टेबल टीव्ही लावला, अँटेना असलेला. पडद्यावर मुंग्या आणि खरखर. ती म्हणाली, या मुंग्यांपैकी सुमारे १ टक्का तुम्हाला आत्ता दाखवलेल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जुन्या आहेत. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश पहिल्यांदा मोकळा झाला, तो ताणला जाऊन आता सूक्ष्मलहरी होऊन सगळीकडून येतो आहे. न्यू जर्सीतल्या होल्मडेलला पेन्झियास आणि विल्सन यांना १९६४ मध्ये तो आपल्या अँटेनात सापडला, आणि आधी त्यांना वाटलं की आत घरटं केलेल्या कबुतरांच्या विष्ठेमुळे गोंगाट येतो आहे. त्यांनी ती साफ केली. गोंगाट तसाच. १९७८ मध्ये त्यासाठी दोघांना नोबेल मिळालं. त्या प्रारणाचं, म्हणजे त्या ताणलेल्या प्रकाशाचं, तापमान आज २.७ केल्विन (साधारण उणे २७० अंश सेल्सिअस) आहे आणि आकाशात कुठेही बघा, फरक साधारण एक लाखात एक.

मला ही मांडणी आवडली, कारण ती पुराव्यापासून सुरू झाली. पुढे दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत हे आलं. पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या हेलियमचा हिशेब आला : सामान्य द्रव्याच्या वस्तुमानात सुमारे एक चतुर्थांश, आणि मोजमापं त्याच्याशी जुळतात. तीन वेगळे साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले, एकच हकिगत सांगत आहेत. विश्व एके काळी अतिशय तप्त आणि दाट होतं आणि तिथपासून आजवर सुमारे १,३८० कोटी वर्षं झाली. इथपर्यंतचा पुरावा इतका भक्कम आहे की मी त्यावर उलटतपासणीला उभी राहिले नसते.

पण खरं कौतुक पुढच्या पंधरा मिनिटांचं. तिने स्पष्ट सांगितलं की ही हकिगत ‘सुरुवातीची’ नाही, सुरुवातीच्या लगेच नंतरची आहे. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेची समीकरणं मागे नेत गेलं की घनता अनंत होते आणि गणित थांबतं. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींनी १९५५ मध्ये जे समीकरण मांडलं, त्याच्या पायावर पुढे पेनरोझ आणि हॉकिंग यांनी सिद्ध केलं की विशिष्ट गृहीतं धरली तर असा थांबा टळत नाही. आता या थांब्याचा अर्थ काय लावायचा? विश्वाचा आरंभ, की आपल्या सिद्धांताची हद्द? बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ दुसरं म्हणतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षणाला पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लागू करावी लागते आणि तो सिद्धांत अजून हाती नाही. तिने हे असं सरळ सांगितलं आणि त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही.

दादाला सगळ्यात भावला तो जॉर्ज लेमेत्रचा भाग. बेल्जियमचा हा माणूस कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ दोन्ही होता. विश्वाच्या प्रसरणाचा निष्कर्ष त्याने १९२७ मध्ये समीकरणांतून काढला, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या १९२९च्या निबंधाच्या आधी, आणि १९३१ मध्ये विश्व एका आदिम अणूपासून सुरू झालं असावं अशी कल्पना मांडली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी भाषणात सांगितलं की आधुनिक विज्ञान जणू सृष्टीच्या आरंभीच्या ‘प्रकाश होवो’ या आज्ञेचीच साक्ष देतं. चर्चच्या माणसाला आणखी काय हवं? पण लेमेत्रला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, तो आस्तिकालाही मोकळं ठेवतो आणि नास्तिकालाही. पुढच्या वर्षी रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांसमोर पोप बोलले तेव्हा त्यांनी तो दावा पुन्हा केला नाही. आपल्याच बाजूने वळवता येणारा पुरावा आपणच वळवू द्यायचा नाही, हे धैर्य मी कोर्टात फार थोड्या लोकांत पाहिलं.

आणि तिने उलट बाजूही सोडली नाही. विश्वाला आरंभ नसावाच असं मानणाऱ्यांत आपले जयंत नारळीकर होते. कोल्हापूरला जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचे संस्थापक संचालक. हॉइल, बॉन्डी आणि गोल्ड यांच्या १९४८च्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्व अनादि आहे आणि प्रसरणामुळे पडणारी पोकळी भरायला द्रव्य हळूहळू नव्याने निर्माण होत राहतं. ‘बिग बँग’ हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर विश्वाला आरंभ मानणाऱ्या विरोधी मताविषयी बोलताना वापरलं. सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि हा सिद्धांत मागे पडला. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी तो नव्या रूपात मांडला, तोही बहुसंख्यांना पटला नाही. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, शेवटपर्यंत प्रश्न विचारत. व्याख्यातीने त्यांचं नाव आदराने घेतलं आणि पुरावा त्यांच्या विरुद्ध का गेला तेही त्याच आदराने सांगितलं. मराठी श्रोत्यांसमोर हे दोन्ही एका दमात करणं सोपं नाही.

मग प्रश्नोत्तरं. दादा उभा राहिला. म्हणाला, “बाळ, घडा दिसला की कुंभार आहे हे कळतं. मग एवढं विश्व दिसतं, त्याला कर्ता नको?” हे बोलणं भाबडं नाही. हजारेक वर्षांपूर्वी न्यायदर्शनाचे उदयनाचार्य ईश्वरसिद्धीसाठी हाच युक्तिवाद करत : पृथ्वी वगैरे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, म्हणून पृथ्वीलाही आहे. ती म्हणाली, “काका, कुंभार तुम्ही पाहिलेला आहे, म्हणून घडा बघून तो आठवतो. विश्व तयार होताना कुणीच पाहिलेलं नाही, आणि आपल्याकडे तुलनेला दुसरं विश्वही नाही. शिवाय कुंभार माती करत नाही, असलेल्या मातीला आकार देतो.” यावर दादा स्वतःच म्हणाला की नैयायिकांचा ईश्वरही तेवढंच करतो, त्यांचे परमाणू नित्य आहेत. सांख्यांना तर प्रकृती, म्हणजे मूळ जडतत्त्व, पुरते, कर्ता लागत नाही. मीमांसकांना सृष्टीचा आरंभच मान्य नाही. जैन आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, विचारलं होतं की जग निर्माण करण्याआधी ईश्वर होता कुठे आणि त्याने साहित्य आणलं कुठून. सतरंजीवर बसलेल्या पोरांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं. कर्त्याला नाकारणं हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, त्याला एका माळकऱ्याकडून तिथे परस्पर उत्तर मिळालं.

एका कॉलेजच्या मुलाने दुसरा युक्तिवाद मांडला, अल्-गझाली या इस्लामी तत्त्वज्ञाचा, जो अलीकडे अमेरिकेत पुन्हा जोरात आहे. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असतं. विश्वाला आरंभ आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. त्याने २००३ चं बोर्डे, गूथ आणि विलेन्किन यांचं प्रमेयही पुढे केलं : सरासरीने प्रसरण पावत आलेलं विश्व भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही. तिने प्रमेय मान्य केलं आणि त्याची मर्यादाही सांगितली. प्रसरणाचं ते चित्र मागे कुठेतरी संपतं एवढंच ते सांगतं, त्याआधी काय होतं किंवा काही होतं का यावर ते बोलत नाही, आणि कर्त्याविषयी त्यात एक अक्षर नाही. मी तिच्या जागी असते तर आणखी एक विचारलं असतं. कारण आहे असं मानलं, तरी ते कारण जाणतं आहे, इच्छा करतं, निसर्गाच्या पलीकडचं आहे, हे त्या तीन वाक्यांत कुठे आलं? तिथे वादी दाव्यात नसलेली मागणी निकालात मागतो आहे.

जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो शेवटी निघाला : काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? विश्व अनादि मानलं तरी हा प्रश्न सुटत नाही. दादा म्हणाला, देव स्वयंभू आहे, त्याला कारण लागत नाही. मी तिथेच विचारलं, एक गोष्ट स्वयंभू चालते तर विश्वच का नाही? व्याख्यातीने आम्हा दोघांना थांबवलं आणि सांगितलं की इथे भौतिकशास्त्राकडे मोजायला काही नाही, पुढचा वाद तुमचा. हे उत्तर ऐकायला मी नऊशे काय, त्याहून जास्त दिले असते.

माझं मत मी लपवत नाही. मालकीहक्काच्या दाव्यात वादीने स्वतःच्या पुराव्यावर जिंकायचं असतं. प्रतिवादीची बाजू लंगडी आहे म्हणून वादीला जमीन मिळत नाही. जो म्हणतो त्याने सिद्ध करावं, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आपल्या न्यायालयांचं सूत्र आहे. विज्ञानाला आरंभ सांगता येत नाही, एवढ्यावर अलौकिक कारण सिद्ध होत नाही. आकाशातलं जे जे पूर्वी देवाच्या हाताशिवाय समजत नव्हतं, ग्रहांच्या कक्षांपासून मूलद्रव्यांच्या जन्मापर्यंत, ते शोधणाऱ्यांनी ‘अजून कळलं नाही’ याच जागी उभं राहून कळवून घेतलं. मात्र वादीचा दावा फेटाळला म्हणजे जमीन कुणाचीच नाही असंही ठरत नाही. विश्वाला अलौकिक कारण नाही हे कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि जो ते सिद्ध झालं म्हणून सांगेल त्याच्यावरही तोच भार आहे.

म्हणूनच जाहिरातीवर माझा आक्षेप आहे. तिच्यात छापलं होतं, ‘शून्यातून विश्व : विज्ञानाने सोडवलेलं कोडं’. विलेन्किन यांनी १९८२ मध्ये आणि हार्टल-हॉकिंग यांनी १९८३ मध्ये अशा दिशेचे प्रस्ताव मांडले आहेत, पण ते प्रस्ताव आहेत, आणि त्यांतल्या ‘शून्या’तसुद्धा पुंजभौतिकीचे नियम गृहीत धरलेले आहेत. नियम कुठून आले हा प्रश्न तसाच राहतो. आपल्याच व्याख्यातीने दीड तास जे म्हणायचं टाळलं ते आयोजकांनी फलकावर लिहावं, हे तिच्या मेहनतीवर पाणी ओतणं आहे.

समारोप त्याहून वाईट झाला. आयोजकांपैकी एका गृहस्थांनी नासदीय सूक्तातल्या दोन ओळी म्हटल्या आणि जाहीर केलं की बिग बँग आपल्या ऋषींना ठाऊक होता. टाळ्या पडल्या. दादाचा चेहरा मी पाहत होते. त्याने हे सूक्त शाळेत पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ते सूक्त विचारतं की ही सृष्टी कुठून आली हे खरोखर कोण जाणतो; देवही तिच्या नंतरचे, मग कोण सांगणार? आणि शेवटी म्हणतं, परम आकाशात जो तिचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी एका माणसाने एवढी शंका उघड बोलून दाखवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपली गेली. त्या शंकेच्या जागी ‘आम्हाला आधीच माहीत होतं’ घालणं हा त्या कवीवर अन्याय आहे. दादा उठला आणि म्हणाला, “त्यांनी विचारलंय हो, सांगितलेलं नाही.” त्याला माइक मिळाला नाही.

परतीच्या गाडीत त्याने मला सांगितलं की कुंभाराचा युक्तिवाद तो यापुढे करणार नाही. त्याची भक्ती त्यावर उभी नाहीच. ज्ञानोबा जगाला चिद्विलास, म्हणजे चैतन्याचाच खेळ, म्हणतात, तिथे घडवणारा बाहेर उभा नाही, आणि विठ्ठलाने हायड्रोजन केला म्हणून कुणी पंढरीला चालत जात नाही. मला त्यात वाद घालण्यासारखं काही सापडलं नाही. कर्त्याविषयी आमचं अजून एकमत नाही, पण वादातला एक खोटा मुद्दा कमी झाला.

पाचपैकी चार तारे. आठवीच्या पुढची मुलं, आणि ज्यांच्या घरात हा वाद आहे अशी मोठी माणसं, यांनी जरूर जावं. नुसते ग्रह पाहायचे असतील तर मध्यरात्रीनंतर कंटाळा येईल, तेव्हा तशी चौकशी आधी करावी. आयोजकांना माझी मागणी एवढीच : जाहिरातीतलं ते वाक्य काढा, स्वच्छतागृह वाढवा, आणि समारोपाची वीस मिनिटं प्रश्नोत्तरांना द्या. आमच्या वेळी हात वर करून बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे प्रश्न राहून गेले.